बाल न्याय मंडळातली जुनी केस नोकरीच्या आड येते का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. भाच्यासाठी विचारतोय, पण आमच्या भागात असे बरेच मुलगे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

भाचा सोळा वर्षांचा असताना गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन मंडळांची मारामारी झाली. गल्लीतल्या मोठ्या पोरांबरोबर याचंही नाव आलं. भादंवि (भारतीय दंड विधान) ३२४, म्हणजे घातक हत्याराने दुखापत, आणि बेकायदा जमाव जमवल्याची कलमं. मोठ्यांची केस नेहमीच्या कोर्टात गेली, याची बाल न्याय मंडळात. बऱ्याच तारखा झाल्यावर मंडळाने समज देऊन सोडलं. घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि विषय कायमचा बंद केला. आदेशाची प्रतसुद्धा कुणी घेतली नाही.

आता त्याला बाविसावं चालू आहे. पोलीस भरतीत मैदानी झाली, लेखी झाली, निवड यादीत नाव आलं. पुढे चारित्र्य पडताळणी. साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी भरायच्या फॉर्ममध्ये) प्रश्न आहे की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का, न्यायालयात खटला चालला का. घरात दोन तट पडलेत. ताई म्हणते, 'नाही' लिही, लहानपणीचं कोण विचारतंय. भाऊजी म्हणतात, पोलिसांच्याच नोकरीत पोलिसांपासून काय लपवणार, सगळं लिही. पोरगं चार दिवस जेवत नाहीये धड.

कायदा नक्की काय म्हणतो? आणि प्रत्यक्षात काय होतं?

शिवार

माझ्या माहितीप्रमाणे अठराच्या आतली केस धरतच नाहीत. बिनधास्त 'नाही' लिहा.

न्यायपथ

शिवार, एवढं सोपं नाही. 'बिनधास्त नाही लिहा' या सल्ल्यावर माझ्या ओळखीतल्या एका मुलाची हातातली नोकरी गेलेली आहे. मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि बाल न्याय मंडळासमोर नियमित उभी राहते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

सध्याचा कायदा म्हणजे किशोर न्याय (मुलांची काळजी आणि संरक्षण) अधिनियम, २०१५. याच्या कलम ३ मध्ये जी मूलतत्त्वं दिलीत, त्यात नव्याने सुरुवात करण्याचा हक्क आहे. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर मुलाची जुनी नोंद पुसली जावी, असं ते तत्त्व सांगतं. कलम २४(१) त्याला दात देतं: मुलाने गुन्हा केल्याचं सिद्ध झालं तरी त्या दोषसिद्धीमुळे एरवी जी अपात्रता चिकटते, ती त्याला चिकटणार नाही. कलम २४(२) प्रमाणे अपिलाची मुदत किंवा नियमांत दिलेला काळ संपला की कागदपत्रं नष्ट करावीत, असा आदेश मंडळाने पोलिसांना आणि स्वतःच्या कार्यालयाला द्यायचा असतो. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत हा काळ जास्तीत जास्त ७ वर्षं धरलाय.

म्हणजे कोयनाकाठ, तुमच्या भाच्याची फाईल आज मंडळाच्या कपाटात असू शकते, आणि त्यात बेकायदेशीर काही नाही. पण असणं वेगळं आणि बाहेर देणं वेगळं. कलम ७४(२) पोलिसांना स्पष्ट सांगतं की निकाली निघालेल्या प्रकरणातली मुलाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी उघड करायची नाही. 'चारित्र्य दाखला' हे शब्द कायद्यातच आहेत. पोलीस ठाण्यातल्या कारकुनाला हे कलम बहुतेक वेळा माहीत नसतं. तो संगणकावर नाव टाकतो, जे येतं ते लिहितो.

आता फॉर्ममध्ये काय लिहायचं. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल डोळ्यांसमोर ठेवा. पहिला अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, २०१६. तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की पडताळणीच्या फॉर्मवर माहिती खरी हवी, लपवाछपवी झाली तर नियुक्ती रद्द होऊ शकते. मात्र कोवळ्या वयातला किरकोळ गुन्हा असेल तर नेमणूक करणाऱ्याने तो सोडून द्यायचा विचार करावा, असंही त्यातच आहे. दुसरा भारत सरकार विरुद्ध रमेश बिश्नोई, २०१९. सीआयएसएफमध्ये (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलात) निवड झालेल्या या तरुणावर अल्पवयात केस झाली होती, तो निर्दोष सुटला होता आणि ही माहिती त्याने स्वतःहून दिली होती. तरी नेमणूक नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल देताना म्हटलं की मुलगा दोषी ठरला असता तरी तो डाग पुसलाच जायला हवा, असा या कायद्याचा रोख आहे.

माझा सल्ला: लपवू नका आणि नुसतं 'होय' लिहून मोकळेही होऊ नका. 'घटनेच्या वेळी वय १६, प्रकरण बाल न्याय मंडळासमोर चाललं, अमुक तारखेला समज देऊन निकाली, कलम २४(१) नुसार कोणतीही अपात्रता नाही' असं लिहून आदेशाची प्रमाणित प्रत जोडा. आधी ती प्रत मिळवा. उद्याच जा.

मेघना_र

न्यायपथ ताई, फार उपयुक्त प्रतिसाद. पण एक पटलं नाही. नोंद पुसायची म्हणून कायदा केला, तर तीच नोंद मुलाने स्वतःच्या हाताने का लिहून द्यायची? प्रश्न विचारणंच चुकीचं नाही का?

न्यायपथ

मेघना, तत्त्व म्हणून तुमचं बरोबर आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने तर बालपणीच्या खटल्याची माहिती उमेदवाराकडून मागणं हेच त्याच्या खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, अशी भूमिका घेतलीय. पण तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, फार तर आधार म्हणून दाखवता येतो. आणि उमेदवाराला तत्त्वासाठी चार वर्षं रिट याचिका लढायची असते का? त्याला या महिन्यात प्रशिक्षण केंद्रावर हजर व्हायचं असतं. ज्याच्या हातात आज निवड यादी आहे, त्याला मी सुरक्षित वाटच सांगणार.

खासगी नोकरीत फॉर्मची भाषा वेगवेगळी असते. 'दोषी ठरला आहात का' एवढंच विचारलं असेल आणि मंडळाने केस बंद केली असेल, तर प्रामाणिक उत्तर 'नाही' आहे. प्रश्न नीट वाचा. गुन्हा दाखल होणं, अटक आणि दोषसिद्धी या तीन निराळ्या गोष्टी आहेत.

तालीमवाला

मी भरतीची अकादमी चालवतो. पहाटे पाचला मैदानावर येणाऱ्या पोरांत अशी केस असलेले दरवर्षी निघतात, आणि बहुतेक जण फॉर्म भरायच्या दिवसापर्यंत तोंड उघडत नाहीत.

माझा अनुभव असा की निकाली केसपेक्षा लटकलेली केस जास्त मारते. निकालाचा कागद असला की अधिकारी निदान वाचतो तरी. 'प्रकरण प्रलंबित' म्हटलं की फाईल बाजूला पडते आणि यादी पुढे सरकते. वास्तविक कायद्यात मंडळाने चौकशी ४ महिन्यांत संपवायची आहे, फार तर २ महिने वाढवून मिळतात. किरकोळ गुन्ह्यात तेवढ्या वेळात निकाल लागला नाही तर चौकशीच संपुष्टात येते, कलम १४ बघा. किती पालकांना हे माहीत असतं? तारखेला मजुरी बुडते म्हणून ते येतच नाहीत, मुलगाही येत नाही, आणि चार वर्षांनी तोच मुलगा माझ्याकडे १६०० मीटर धावत असतो.

तेव्हा पालकांनो, केस चालू असेल तर ती संपवून घ्या. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

गोदातीर

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. सगळी सहानुभूती आरोपी मुलाकडेच चाललीय. ज्याचं डोकं फुटलं त्याचं काय? २०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला. त्याच दिवशी जामीन, आणि अट काय तर तीनशे शब्दांचा निबंध. अशा मुलांची नोंदही पुसायची? माझी मुलगी रात्री कामावरून दुचाकीने घरी येते, त्यामुळे हे मला पुस्तकी वाटत नाही. पोलीस दलात तर डाग नसलेलाच माणूस हवा.

मुक्ता_प

गोदातीर, तुमची काळजी समजते. त्या आदेशाने मलाही धक्का बसला होता. मी काही वर्षं बाल न्याय मंडळावर सामाजिक कार्यकर्ता सदस्य होते (मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली एक तरी स्त्री). म्हणून दोन-तीन गोष्टी मांडते.

निबंधाची अट जामिनाची होती. तो प्रकरणाचा अंतिम निकाल नव्हता. दुसरं, तुम्हाला ज्यांची भीती वाटते त्यांच्यासाठी कायद्याने वेगळा रस्ता ठेवलाय. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे तो घोर गुन्हा. त्यात १६ ते १८ वयाच्या मुलाची कलम १५ खाली प्राथमिक पाहणी होते आणि प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊ शकतं. तिथे प्रौढासारखा खटला चालून तो दोषी ठरला, तर कलम २४ चं संरक्षण त्याला नाही, आणि त्याची नोंदही नष्ट होत नाही. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर २०१५ चा कायदा आला तो हेच बदलत. म्हणजे पुसली जाते ती बाकीच्यांची पाटी.

हे बाकीचे कोण असतात? माझ्यासमोर आलेली मुलं मोबाइल चोरलेली, भंगार उचललेली, भांडणात काठी उचललेली, कुणाच्या तरी मागे दुचाकीवर बसलेली. कित्येकांचा बाप नाही किंवा असून नसल्यासारखा. बरीचशी मुलं एकदाच आली, परत कधीच दिसली नाहीत.

कागदापेक्षा मोठी नोंद मला दुसरीच वाटते, शाळेतली. मुलगा निरीक्षणगृहात (केस चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) पंधरा-वीस दिवस राहिला तरी शाळेत बातमी जाते. परत गेला की मुख्याध्यापक म्हणतात, दाखला घेऊन जा, बाकी पालक तक्रार करतात. नववी-दहावीचं वर्ष असेल तर परीक्षा हुकते. मग पोरगं गॅरेजवर लागतं, कायमचं. पाच वर्षांनी भरती निघते तेव्हा नोंद नष्ट झालेली असते, पण बारावीच नसते! मंडळावर असताना मी प्रत्येक आदेशापूर्वी परिविक्षा अधिकाऱ्याला (मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला अहवाल देणाऱ्याला) पहिला प्रश्न विचारायचे: हा शाळेत परत बसलाय का? बसला नसेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची सोय लावायची, आयटीआयची मुदत असेल तर तिथे. त्या एका गोष्टीने मुलं जितकी सावरताना पाहिलीत, तितकी समुपदेशनाच्या बैठकांनीही नाही.

आणि गोदातीर, ज्याचं डोकं फुटलं त्याच्याकडे व्यवस्थेचं लक्ष कमी पडतं, हे अगदी खरं. मंडळ मुलाला किंवा पालकांना दंड करू शकतं, समाजसेवा करायला लावू शकतं, पण जखमी माणसाच्या उपचाराचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. त्यावर स्वतंत्र धागा काढा, मी लिहीन.

वैनगंगा

इथे बहुतेक वेळा वाचनमात्र असतो. आज लिहितो.

मी पंधराचा असताना त्या मंडळासमोर उभा राहिलोय. निरीक्षणगृहात महिनाभर होतो. आता स्वतःचा वायरिंगचा धंदा आहे, हाताखाली माणसं आहेत, मुलगी बालवाडीत जाते.

सरकारी कागद मला कधीच आडवा आला नाही. आडवी आली ती बातमी. तेव्हा एका स्थानिक पेपरने नाव, बापाचं नाव आणि वस्ती, सगळं छापलं. मुलाची ओळख छापणं कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे मला तिशी जवळ आल्यावर कळलं. आईबापांना तर अजून पटत नाही की पेपरवाला चुकला होता. लग्नाच्या वेळी सोयरिकीच्या घरी कुणीतरी त्या कात्रणाचा फोटो पाठवला. एक स्थळ मोडलं. दुसऱ्या स्थळी मी पहिल्याच भेटीत सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तेव्हा काय केलंस ते कळलं, आता काय करतोस ते दाखव. दुकान दाखवलं.

कोयनाकाठ, भाच्याला म्हणावं जेवून घे. आणि मामा, तुम्ही त्याच्याबरोबर मंडळात जा. त्या इमारतीत एकट्याने परत पाय टाकणं फार जड जातं.

अटलांटिकपार

वैनगंगा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

इकडे अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी थोडी भर घालते, कारण इथल्या आमच्या मराठी मंडळातल्या एका कुटुंबावर ही वेळ आली. दुकानातून वस्तू उचलल्याची केस, मुलगी हायस्कुलात. इथे राज्यागणिक नियम निराळे. काही ठिकाणी नोंद आपोआप बंद होते, बऱ्याच ठिकाणी अर्ज करावा लागतो आणि तो कुणी करत नाही. 'अठरा झाले की सगळं पुसतं' हा समज इथल्या देशी लोकांत सर्रास आहे आणि तो चुकीचा आहे.

इमिग्रेशनच्या दृष्टीने बाल न्यायालयाचा निर्णय सहसा 'दोषसिद्धी' धरला जात नाही. पण नागरिकत्वाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतात, आणि नोंद बंद झाली असेल किंवा पुसली असेल तरी सांगा, असं तिथे स्पष्ट बजावलेलं असतं. तेव्हा पुसण्याआधी सगळ्या कागदांच्या प्रमाणित प्रती घरी ठेवा. नंतर कोर्टाकडेही मिळत नाहीत आणि 'नक्की काय झालं होतं' हे सिद्ध करायला हातात काही राहत नाही. कॉलेजच्या बाबतीत थोडं बरं आहे. अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक अर्जातून गुन्हेगारी इतिहासाचा प्रश्न २०१९ पासून काढलाय, पण एखादं कॉलेज स्वतःच्या पुरवणी अर्जात तो विचारू शकतं.

गोदातीर

मुक्ताताई, घोर गुन्ह्यांना हे संरक्षण नाही, ही माहिती मला नव्हती. पोलीस दलाबद्दल मी अजून साशंक आहे, पण मिरवणुकीतल्या भांडणासाठी पोराचं आयुष्य अडकू नये, एवढं मान्य. वैनगंगा, तुम्हाला शुभेच्छा. जखमींच्या बाजूवर धागा काढतो.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वैनगंगा, तुमचा प्रतिसाद भाच्याला वाचून दाखवला.

आज मंडळाच्या कार्यालयात आम्ही दोघे जाऊन आलो. आदेशाच्या प्रमाणित प्रतीसाठी अर्ज दिला. बाईंनी जुनं रजिस्टर काढून नोंद शोधून दिली, चांगलं सहकार्य केलं. पण एक नवी भानगड निघाली. मोठ्या पोरांच्या केसच्या एफआयआरमध्ये याचं नाव अजून तसंच आहे, पूर्ण नाव आणि पत्त्यासह, आणि वय १९ लिहिलंय! ती केस अजून चालू आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात नाव टाकलं की ती चालू केस दिसणार.

न्यायपथ

कोयनाकाठ, हीच सगळ्यात चिवट अडचण असते आणि बहुतेकांना ती उशिरा कळते. एरवी मुलाच्या किरकोळ प्रकरणात एफआयआर नोंदवायचाच नसतो. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. पण मोठ्यांच्या सोबत घडलेला गुन्हा असला की एफआयआर होतो, आणि मुलाचं नाव मोठ्यांच्या कागदांत अडकून बसतं. मंडळ स्वतःची फाईल नष्ट करेल हो, पण त्या कोर्टातल्या दोषारोपपत्रातलं नाव कोण काढणार? उद्या निकाल संकेतस्थळावर चढला की तोही नावासकट.

तीन गोष्टी करा. पहिली, पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या विशेष बाल पोलीस पथकाकडे लेखी अर्ज: जन्मदाखला किंवा दहावीची सनद (वयासाठी कलम ९४ प्रमाणे तीच ग्राह्य धरतात), मंडळाचा आदेश आणि कलम ७४(२) चा उल्लेख. संगणकातली वयाची नोंद दुरुस्त करा आणि पडताळणीत हे प्रकरण कळवू नका, एवढीच मागणी. पोच घ्या. दुसरी, मोठ्यांच्या खटल्यात अर्ज द्यायचा की याची ओळख निकालपत्रात येऊ नये. न्यायाधीश सहसा मान्य करतात, कुणी मागत नाही म्हणून राहून जातं. तिसरी, मंडळाकडे आत्ताच अर्ज करून ठेवा की कलम २४(२) नुसार मुदत संपताच कागदपत्रं नष्ट करण्याचा आदेश द्यावा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला जावी. न मागता हा आदेश निघालेला मी फार क्वचित पाहिलाय.

साक्षांकन नमुना भरण्याआधी तो मला विपुतून (इथल्या निरोपातून) दाखवा, नाव-पत्ता झाकून. फी वगैरे काही नाही.

तालीमवाला

पोच घ्या हे दहा वेळा लिहायला हवं. पडताळणी उलटी आली तर थोड्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं, अशा वेळी तोच कागद हातात असतो. आणि भाच्याचा सराव बंद पडू देऊ नका.

रानवारा

माझा प्रश्न थोडा वेगळा. धाकट्या भावावर सतराव्या वर्षी केस झाली होती, मंडळाने समज देऊन सोडलं. आता त्याला जहाजावर नोकरी मिळतेय, पासपोर्ट काढायचाय. अडेल का?

न्यायपथ

रानवारा, पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये अडवण्याची कारणं दिलीत. त्यातली दोन इथे बघायची: गेल्या ५ वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात किमान २ वर्षांची शिक्षा, किंवा फौजदारी न्यायालयात चालू खटला. समज देऊन संपलेलं प्रकरण या दोन्हींत बसत नाही, वर कलम २४(१) आहेच. फक्त त्याच्याही केसमध्ये मोठे आरोपी होते का ते आधी बघा. असतील तर वर कोयनाकाठ यांना सांगितलेल्या पहिल्या दोन गोष्टी अर्ज भरण्यापूर्वी करून घ्या, आणि पडताळणीला हवालदार घरी येईल त्या दिवशी आदेशाची प्रत घरात ठेवा.